सरावाचं शहर

महाराष्ट्रातल्या किती घरांच्या भिंतींवर चित्रं असतील, सांगता यायचं नाही. पण सोलापुरी चादर नसलेलं घर मात्र शोधावं लागेल. हॉस्टेलला निघालेल्या मुलाच्या ट्रंकेत ती असते, बाळंतिणीच्या खाटेवर असते, लग्नाच्या आहेरात असते, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याच्या पडशीत असते. तिच्यावर मोर असतात, वेलबुट्ट्या असतात, चौकटींत बसवलेली फुलं असतात. ती नक्षी अंगावर घेऊन आपण झोपतो, तिच्यावर लेकरं खेळवतो, विरली की तिची गोधडी शिवतो. चित्रकलेची दुसरी कुठलीही वस्तू मराठी माणसाच्या अंगाला इतकी लागलेली नसेल. तरीही ही नक्षी काढली कुणी, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

या प्रश्नाचं बोट धरून सोलापुरात शिरलं की शहर वेगळं दिसायला लागतं. सांस्कृतिक राजधानी म्हणून पुण्याचं नाव घेतात, कलापूर म्हणून कोल्हापूरचं. सोलापूरची ओळख कामाची: गिरण्या, यंत्रमाग, विड्या आणि मार्च लागला की भाजून काढणारं ऊन. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर लोकसंख्या असलेलं हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत व्यवहार करतं. आलेला पाहुणा सिद्धेश्वराचं तळं पाहतो, भुईकोट किल्ला पाहतो, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतो. इथली कला कुठे पाहायला मिळेल, असं त्याने विचारलं तर सोलापूरकर जरा थांबतो, कारण कला म्हणून वेगळी काढून ठेवलेली गोष्ट इथे फारशी नाही. ती कामात आणि सणात मुरलेली आहे, आणि तिची खरी वेळ सरावाची आहे.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. गावाची संस्कृती मोजायची तर तिथे वर्षाला किती कार्यक्रम होतात हे पाहू नये. किती माणसं कामाहून घरी आल्यावर, हातपाय धुऊन, कशाच्या तरी सरावाला जातात, ते पाहावं. या मापाने सोलापूर फार श्रीमंत आहे. आणि ही श्रीमंती आज कमी होते आहे.

ग्राफवरचा मोर

शहराच्या पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, दत्त नगर, अशोक चौक या बाजूला, आणि पुढे अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची खडखड दिवसभर कानावर येते. कारखान्यात पाऊल टाकलं की बोलणं संपतं. माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी एकमेकांना समजून घेतात. हवेत सुताची बारीक तूस तरंगत असते. मागाच्या डोक्यावर एक लोखंडी सांगाडा दिसतो, त्याला जेकार्ड म्हणतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांची लांब माळ त्या सांगाड्यावरून एकेक पट्टी सरकत असते. मोर असतो तो त्या माळेत.

तो तिथे कसा जातो ते नीट पाहण्यासारखं आहे. आधी नक्षी ग्राफच्या कागदावर उतरवतात. कागदावरची उभी ओळ म्हणजे ताण्याचा उभा धागा, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. जो उभा धागा त्या फेरीला वर उचलायचा त्याचा चौकोन रंगवायचा, जो खाली ठेवायचा तो कोरा सोडायचा. मोराच्या मानेचा गोलवा, पिसाऱ्यातला डोळा, चोचीचं टोक हे सगळं अशा बारक्या चौकोनांच्या पायऱ्यांनी साधायचं. पायरी फार मोठी पडली तर मान मोडल्यासारखी दिसते, फार लहान ठेवली तर कापडावर उमटतच नाही, कारण सुताला स्वतःची जाडी असते. नक्षी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती अर्धीच काढतात. उरलेला अर्धा भाग मागावरच्या दोऱ्यांची बांधणी उलट्या क्रमाने पुरा करते. ग्राफ काढणाऱ्याला अर्धा मोर पाहताना पुरा मोर दिसावा लागतो.

मग ग्राफची एकेक आडवी ओळ वाचत पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर भोकं पाडतात. मागावर पट्टी सुयांसमोर आली की भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला धागा उठतो. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उठलेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांच्या मधून धोटा निघून जातो. साध्या नक्षीला शेकडो पट्ट्या लागतात, मोठ्या नक्षीला हजारो. चादर दुहेरी विणीची असली की एका बाजूला तांबड्यावर पांढरा मोर आणि उलट बाजूला पांढऱ्यावर तांबडा मोर उमटतो. एका पट्टीत एक भोक चुकलं तर ती चूक त्या मागावरच्या प्रत्येक चादरीत, त्याच जागी उमटत राहते. चित्रकाराला खोडून पुन्हा काढता येतं. इथे ती मुभा नाही, आणि म्हणून ग्राफवर बसणारा माणूस वर्षानुवर्षं नजर घोटवतो.

हे तंत्र फ्रान्समधल्या लिऑं शहरातलं. जोसेफ मारी जाकार याने 1804 च्या सुमारास ते उभं केलं आणि त्याच्या नावावरून आपण आजही जेकार्ड म्हणतो. 1839 मध्ये लिऑंच्या विणकरांनी या यंत्रावर खुद्द जाकारचं चित्र रेशमात विणलं, त्याला 24,000 पट्ट्या लागल्या. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडमध्ये गणिती चार्ल्स बॅबेजकडे होती. भोक म्हणजे होय, भोक नाही म्हणजे नाही, या विणकरांच्या रीतीतून त्याला गणित करणाऱ्या यंत्राची वाट दिसली. 1890 च्या अमेरिकेतल्या जनगणनेत माणसं मोजली गेली ती भोकं पाडलेल्या कार्डांवरच. म्हणजे आज आपल्या हातात जो मोबाईल आहे त्याच्या पूर्वजांत विणकराचा माग आहे, आणि सोलापूरच्या कारखान्यात तो पूर्वज अजून कामावर आहे. आता बऱ्याच ठिकाणी ग्राफ संगणकावर काढतात आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्ड पट्ट्यांवाचून चालतं, पण वळणाची पायरी कुठे टाकायची हा निर्णय आजही माणसाच्या नजरेचाच असतो.

लिऑंच्या त्या रेशमी चित्राचे भाऊबंद सोलापुरात आहेत. इथले विणकर भिंतीवर लावायची विणलेली चित्रं करतात, त्यांना सगळे वॉल हँगिंगच म्हणतात. देवदेवता, शिवाजी महाराज, बाबासाहेब, पुढारी, सिनेमातले नट यांचे चेहरे सुतात उतरवलेले दिसतात. चेहरा विणणं हे मोरापेक्षा अवघड, कारण मोराच्या पिसाऱ्यात एक धागा इकडचा तिकडे झाला तर खपून जातो, ओळखीच्या माणसाच्या पापणीत तो खपत नाही.

या कलेच्या मागे मोठं स्थलांतर आहे. 1870 च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी आली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्या आणि हातमाग या दोन्हींच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं इथे येत राहिली. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण चादर आणि टॉवेल टिकले. भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल आहेत. तरीही बाजारात सोलापुरी म्हणून दुसरीकडचा माल सर्रास विकला जातो. नावाला संरक्षण मिळालं, नक्षी काढणाऱ्याला काहीच मिळालं नाही. चादरीच्या कोपऱ्यावर कारखान्याचं लेबल असतं. ग्राफ काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. याच जिल्ह्यात, पंढरपुरात, 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं आणि पुढे त्यांची सही जगाने ओळखली. हुसेन मोठे चित्रकार होते हे खरंच, पण त्या सहीची वाट कागदावर आणि कॅनव्हासवर असते. सुताकडे ती अजून वळलेली नाही.

दिवस मावळल्यावर

कामाच्या जागी कला आहे तशी कामानंतरही आहे. सोलापूरचा गणेशोत्सव ज्यांनी पाहिला त्यांना लेझीम सांगायला नको. मंडळांचे संघ उत्सवाच्या आधी कितीतरी दिवस सरावाला लागतात. शाळेचं पटांगण, मंदिरासमोरचा मोकळा चौक, पेठेतला रुंदसा रस्ता, जागा मिळेल तिथे रात्री रांगा लागतात. हलगी आणि ढोलाच्या ठेक्यावर डाव बदलतो. पुढच्या रांगेत मुरलेले गडी, मागे पोरं. पोराचा पाय चुकला की शेजारचा त्याला खांद्याने ढकलून जागेवर आणतो. कुणी तोंडाने शिकवत बसत नाही. या रांगेत यंत्रमागावरून सुटून आलेला असतो, दुकानात दिवसभर उभा राहिलेला असतो, कॉलेजचा विद्यार्थी असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपण जे पाहतो ते या रात्रींचं पीक आहे.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेतही तेच. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि त्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. पहिल्या दिवशी शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, मग होम, शोभेचं दारूकाम आणि शेवटी नंदीध्वजांचं वस्त्रविसर्जन, म्हणजे कप्पडकळी, असा पाच दिवसांचा क्रम आहे. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले सेवेकरी उंच, सजवलेला नंदीध्वज तोलत चालतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गर्दी श्वास रोखते. तो ध्वज नुसत्या ताकदीने पेलत नाही. वाऱ्याची झुळूक, वर बांधलेल्या साजाचं वजन, रस्त्याचा चढ-उतार, सगळं पायांतून आणि कमरेतून समजून घ्यावं लागतं. यात्रेच्या आधी काही आठवडे त्याचा सराव चालतो, आणि बापाने पेललेला ध्वज मुलगा पेलायला शिकतो. अभिनयाचं किंवा नृत्याचं शिक्षण यापेक्षा काही निराळं असतं असं मला वाटत नाही. शरीराने जागा ओळखायची, लय धरायची आणि शेजारच्यावर विश्वास टाकायचा, एवढंच ते असतं.

नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली समाजाचा हा सगळ्यात मोठा दिवस. मिरवणुकीत हातमागही असतो आणि त्यावर चालता चालता कापड विणलं जातं. देवासमोर काय न्यायचं तर आपलं काम न्यायचं, इतका साधा आणि इतका अभिमानाचा विचार त्यामागे आहे. पोट भरण्याची कला आणि देवाला वाहण्याची कला अशी फोड ज्या शहराने केलीच नाही, त्याचं हे सगळ्यात स्पष्ट दर्शन आहे.

नवरात्राच्या दिवसांत याच भागातल्या बायका बतुकम्मा मांडतात. झेंडू, कुर्डू अशा फुलांचे थर एकावर एक रचून गोपुरासारखी निमुळती रास करायची, ती मध्ये ठेवायची आणि भोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर तेलुगू गाणी म्हणायची. यातल्या कितीतरी बायका दिवसभर विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, पान बोटांत गुंडाळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा, की पुढचं पान. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी. तेच हात संध्याकाळी टाळी धरतात. गाणी वहीत लिहिलेली नसतात. आईच्या फेरात उभं राहून मुलगी ती उचलते, आणि मराठी शाळेत शिकणारी मुलगी घरची तेलुगू टिकवते ती बरीचशी या फेरात.

चार भाषांचं अंगण

सोलापूरच्या भाषांची गोष्ट बाराव्या शतकापासून सांगावी लागते. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांच्या काळातले शिवशरण. त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली, आणि माणसं जमवून, श्रमाने तळं खोदलं. श्रम हीच पूजा मानणारी ही परंपरा. या शहराचं ग्रामदैवत कवीही आहे आणि तळं खोदणाराही, हे फार अर्थपूर्ण आहे. त्यांची वचनं कन्नड आणि त्यांची यात्रा साऱ्या भाषांची.

पेशवाईच्या उत्तरार्धात याच गावात शाहीर राम जोशी झाले. कीर्तनाच्या आणि संस्कृत विद्येच्या घराण्यातला हा माणूस तमाशाच्या फडात गेला आणि त्याने लावणीला पंडिताची शब्दकळा दिली. पुढे जिल्ह्यातल्या बार्शीत 1916 साली जन्मलेले अमर शेख कष्टकऱ्यांच्या चळवळीतून शाहीर झाले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानं भरून टाकत असे. लाउडस्पीकर नीट नसलेल्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर गळा कमवावा लागतो, आणि त्या काळी तोच प्रसाराचा मार्ग होता.

कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 या काळात सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. घरची भाषा मराठी, कवितेची भाषा कन्नड, असा हा माणूस. पुढे 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांना सोलापूर परकं वाटलं नसणार, कारण इथे बाजारात भाजी घेतानाही माणूस दोन-तीन भाषांतून जातो. त्र्यं. वि. सरदेशमुखांनी इथे राहून मराठी कादंबरीत आणि समीक्षेत आपलं स्थान निर्माण केलं. 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली इथेच जन्मले, जंगलात आयुष्य काढून उतारवयात इथेच परतले. 2006 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी करणारे फकरुद्दीन बेन्नूरही सोलापूरचेच. महापालिकेच्या शाळांत आजही एकापेक्षा जास्त माध्यमं चालतात. एका गल्लीत चार भाषांत अभ्यास करणारी मुलं संध्याकाळी एकाच चेंडूमागे धावतात आणि त्यांच्या शिव्यासुद्धा मिसळलेल्या असतात.

वर्तमानपत्राचंही इथल्या जगण्याशी जवळचं नातं. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. ते कामगारांत काम करत आणि 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. 1930 च्या मे महिन्यात शहर उसळलं, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि त्यात एका तरुण संपादकाचा बळी गेला. पत्र काढणं हे इथे अंगावर बेतणारं काम होतं. स्वातंत्र्यानंतर रंगाअण्णा वैद्य यांच्या 'संचार'ने या शहराला रोजची आरशासारखी सवय लावली: कुठल्या पेठेत पाणी आलं नाही, कुठल्या मंडळाने काय केलं, कोण गेलं. आज ज्या सभागृहात नाटकं होतात त्याचं नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे, हे मला या शहराचं शहाणपण वाटतं.

पडद्यावरचं सोलापूर

गिरणीच्या पाळ्यांनी या शहराला सिनेमाचं वेड लावलं. पाळी सुटली की टॉकीज. भागवत चित्रमंदिराचं नाव माहीत नसलेला जुना सोलापूरकर सापडायचा नाही. पूर्व भागात तेलुगू सिनेमा मूळ आवाजात बघायला गर्दी होते, आणि हैदराबादेतल्या नटाचा वाढदिवस इथल्या चौकात साजरा होतो. सोलापूरने सिनेमाला प्रेक्षक दिले तशी माणसंही दिली. अभिनेत्री शशिकला 1932 साली सोलापुरात जन्मल्या. अतुल कुलकर्णी इथल्या 'नाट्य आराधना'मध्ये रंगभूमीचे धडे गिरवून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. पंढरपुरात जन्मलेले जब्बार पटेल सोलापुरात वाढले, आणि 'घाशीराम कोतवाल', 'सामना', 'सिंहासन' यांनी मराठी रंगभूमी आणि सिनेमा दोन्हींना हलवून सोडलं. या शहरात प्रा. श्रीराम पुजारी यांच्यासारखी रसिक माणसं होती, ज्यांचं घर गवई आणि लेखकांसाठी उघडं असे. मोठ्या संस्था नसलेल्या गावात असं एखादं घर संस्थेचं काम करून जातं.

सोलापूर स्वतःही पडद्यावर गेलं. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना 1942 साली वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. 1946 साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, त्यांच्याच राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' आला आणि जयराम शिलेदार, हंसा वाडकर यांच्यासह गदिमांच्या लेखणीने सोलापूरचा शाहीर महाराष्ट्राच्या घराघरांत नेला.

मग मध्ये बराच काळ गेला. 2013 चा 'फँड्री' आणि 29 एप्रिल 2016 ला प्रदर्शित झालेला 'सैराट' आला तेव्हा करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी इथलं जगणं इतक्या जवळून दाखवलं, की इथल्या माणसालाही आपली पायवाट, आपली विहीर, आपलं शेत नव्याने दिसलं. अकलूजची रिंकू राजगुरू आणि करमाळ्याचा आकाश ठोसर यांनी आपली बोली जशीच्या तशी पडद्यावर नेली. तोवर मराठी सिनेमात अशी बोली मुख्यतः गड्याला, विनोदी पात्राला किंवा खलनायकाला मिळे. आता ती नायिकेच्या तोंडी आली, बुलेटवर बसली, आणि तिने जातीच्या उतरंडीबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. वर्गात प्रमाण मराठी न जमल्याने गप्प बसणाऱ्या पोरापोरींना त्या दिवसांत आपल्या बोलण्याची लाज थोडी कमी वाटली असेल, तर त्याचं श्रेय कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं आहे.

हातातला पडदा

आता पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. मागाजवळ, विड्यांच्या सुपाशेजारी, रिक्षाच्या स्टँडवर, सगळीकडे मोबाईलवर काहीतरी चालू असतं. ही गोष्ट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दिवसाचे दहा तास एकच हालचाल करणाऱ्या बाईला कानाशी गाणं मिळालं तर त्यात कुणाचं काय जातं? हलगीचा ठेका, नंदीध्वजाचं चित्रण, पेठेतल्या पोराने केलेली नक्कल, सगळं आज हजारोंपर्यंत पोचतं. पूर्वी अमर शेखांसारखा गळा लागायचा, आता बोट लागतं. बोली मोकळी झाली, चेहऱ्यांना जागा मिळाली, हे खरं आहे.

पण पाहणं सोपं झालं तसा सराव महाग झाला. सरावाला चार गोष्टी लागतात: जागा, वेळ, सोबती आणि चुकण्याची मोकळीक. जागा गेली, कारण चौकात गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि शाळांची पटांगणं संध्याकाळी कुलपात गेली. वेळ गेला, कारण मजुरी पुरत नाही म्हणून माणूस जोडधंदा करतो. सोबती विखुरले, कारण यंत्रमाग कमी होत आहेत तसतशी पोरं पुण्याच्या कंपन्यांत आणि हैदराबादेत जाऊ लागली. आणि चुकण्याची मोकळीक गेली, कारण आता सगळं लगेच चित्रित होतं. लेझमीच्या रांगेत नवख्याचा पाय चुकला तर पूर्वी खांद्याचा धक्का बसायचा. आता त्याचा व्हिडिओ फिरतो. नवखा पुन्हा रांगेत येत नाही.

डीजेचा प्रश्नही मी याच नजरेने पाहतो. अलीकडे सोलापूरकरांनी मिरवणुकांतल्या डीजेविरुद्ध आवाज उठवला, तो कानांच्या आणि वृद्धांच्या काळजीने, आणि ते बरोबरच होतं. पण डीजेने आणखी एक नुकसान केलं. हलगीवाल्याला, ढोलवाल्याला, लेझमीच्या गड्यांना जमवावं लागतं, जपावं लागतं, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. डीजे भाड्याने आणला की काम भागतं. मंडळातली पोरं वाजवणारी होती, ती नुसती नाचणारी झाली. हाच बदल फ्लेक्सच्या फलकांनी केला. अक्षरं रंगवणारे पेंटर गेले आणि त्यांच्याबरोबर गल्लीत अक्षर कसं काढतात हे उभं राहून बघणारी पोरंही गेली.

काय करता येईल

यावर उसासे टाकून भागणार नाही. करता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, नक्षीकारांची नावं लिहून ठेवणं. कारखान्यांच्या पोटमाळ्यांवर जुने ग्राफ आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे गठ्ठे धूळ खात पडतात, रद्दीत जातात. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यावर त्यांची गरज संपली म्हणून ते जाळून टाकण्याआधी विद्यापीठाने, ग्रंथालयांनी, कारखानदारांच्या संघटनांनी ते जमवावेत, कुणी काढले ते विचारून नोंदवावं. पैठणीला आणि वारली चित्राला अभ्यासक मिळाले. सोलापुरी चादरीच्या नक्षीवर तेवढ्याच गांभीर्याने काम व्हायला हवं. आणि यापुढे चादरीच्या लेबलावर कारखान्याच्या नावाखाली नक्षी काढणाऱ्याचं नाव छापायला फक्त एका ओळीची जागा लागेल.

दुसरी, महापालिकेच्या शाळांची पटांगणं आणि सभागृहं संध्याकाळी सरावासाठी उघडी ठेवणं. शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिथूनच पुढे रे नगरच्या तीस हजार घरांचा प्रकल्प आला, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. कष्टकऱ्याला स्वतःचं छप्पर मिळणं ही मोठीच गोष्ट झाली. आता इतक्या मोठ्या वस्त्यांत बतुकम्माचा फेर कुठे धरायचा, नाटकाची तालीम कुठे करायची, पोरांनी हलगी कुठे शिकायची, याचं उत्तरही नकाशावर असायला हवं. घराइतकंच अंगणही हक्काचं असतं.

तिसरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या हातातली आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला, पेठेतल्या लेझमीच्या सरावाला, यात्रेआधीच्या नंदीध्वजाच्या तालमीला जाऊन उभं राहायचं. आपण कार्यक्रमाला टाळ्या वाजवतो, पण सरावाला कुणी प्रेक्षक नसतो. तिथे अर्धा तास उभ्या राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसामुळे नवख्या पोराचं अवसान वाढतं, हे त्या रांगेत उभा राहिलेला कुणीही सांगेल.

सोलापूरबद्दल जे म्हणतो आहे ते इचलकरंजीला, मालेगावला, भिवंडीलाही लागू आहे. कष्टकऱ्यांच्या गावांना करमणूक द्यावी लागते, कला परवडत नाही, अशी एक समजूत आपल्या धोरणांत आणि आपल्या बोलण्यात मुरली आहे. या गावाने ती आठशे वर्षं खोटी पाडली. तळं खोदणाऱ्या हातांनी वचनं रचली, विडी वळणाऱ्या हातांनी फुलांची रास रचली, सूत ओढणाऱ्या हातांनी चौकोनांतून मोर उभा केला. त्या हातांना संध्याकाळी दोन तास मोकळे मिळावेत आणि उभं राहायला जागा मिळावी. सांस्कृतिक धोरण म्हणून इतकं झालं तरी पुष्कळ झालं, आणि इतकं झाल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.